गुरुवारची डोकेदुखी आणि 'शुद्ध हवे'चे पॅनेल

पुण्यातील नऱ्ह्यात माझी खरादकामाची एक छोटी शेड आहे. देव्हाऱ्यांचे खांब, पाळण्यांच्या दांड्या, लाटणी आणि लाकडी वाट्या असे काम मी गेली बावीस वर्षे करत आलो आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये शहरातील पेठांमधल्या एका दुकानातून मी धुळीपासून संरक्षण देणारे हेल्मेट आणि त्याला कॉम्प्रेसरची हवा 'श्वासायोग्य' करून पुरवणारे तीन टप्प्यांचे पॅनेल असा संच २६,५०० रुपयांना घेतला. पुढचे अडीच महिने मी त्या हेल्मेटमधून तेलाचा अंश असलेली हवा ओढली, आणि गुरुवारी तर जनरेटरचा धूर. हाच संच आजही त्या दुकानात टांगलेला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हेल्मेटची गरज खरी होती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, आणि कठीण लाकडाची बारीक धूळ व नाकाच्या पोकळ्यांमधील कर्करोग यांचा संबंध आता पक्का मानला जातो. शिसमाचे सँडिंग केल्यावर माझे नाक दोन-दोन दिवस चोंदलेले राहत असे आणि मनगटांवर पुरळ उठत असे. मला दाढी आहे. दाढीवर कोणताही मास्क घट्ट बसत नाही, आणि कडेने हवा आत येऊ लागली की उत्तम मास्कचाही उपयोग राहत नाही. सैल हेल्मेटमध्ये स्वच्छ हवा सतत सोडत राहिले तर ती कडांमधून बाहेर पडत राहते आणि धुळीला आत येऊ देत नाही, त्यामुळे तिथे दाढीची अडचण उरत नाही. ही हवा दोन प्रकारे देता येते. एक तर कमरेला किंवा हेल्मेटलाच बॅटरीवरचा पंखा आणि फिल्टर लावून शेडमधलीच हवा गाळून घ्यायची, नाहीतर नळीने दुसरीकडून हवा आणायची. बॅटरीचे हेल्मेट महाग वाटले. पॉलिश मारण्यासाठी घेतलेला दोन एचपीचा कॉम्प्रेसर शेडमागच्या बोळात उभाच होता, आणि घरात असलेल्या वस्तूवर भागवण्याची आपली सवय मला नडली.

दुकानदार बोलायला अत्यंत नम्र होता. त्याने पॅनेल हातात दिले: निळ्या रंगाच्या पट्टीवर तीन पारदर्शक बाउल, पहिल्यावर 'धूळ', दुसऱ्यावर 'तेल व पाणी' आणि काळे दाणे भरलेल्या तिसऱ्यावर 'गॅस व वास' असे स्टिकर. सोबत लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र होते. मी विचारले, कार्बन मोनॉक्साइडचे काय? त्यावर तो म्हणाला, "काका, तिसऱ्या बाउलमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन आहे, सगळं अडतं. बिनधास्त वापरा." माझा कॉम्प्रेसर तेलाचा आहे की बिनतेलाचा, किती जुना आहे, तो हवा कुठून ओढतो, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. जो माणूस श्वासाची हवा विकतो आणि ती कुठून येणार हे विचारत नाही, त्याच्याकडून काहीही घेऊ नये, एवढे मला त्या दिवशी कळायला हवे होते. "दोन एचपी भरपूर झाला," असे मात्र त्याने न विचारता सांगितले.

तो भरपूर नव्हता. सैल हेल्मेटला मिनिटाला साधारण १७० लिटर, म्हणजे सहा घनफूट (सीएफएम) हवा लागते, आणि दोन एचपीचा एकटप्पी कॉम्प्रेसर जेमतेम तेवढीच हवा देतो. पॉलिशच्या कामात टाकी भरली की मोटर थांबते आणि कॉम्प्रेसरचे डोके निवते. हेल्मेट लावल्यापासून मोटर थांबेनाशी झाली. तासाभरात कॉम्प्रेसरच्या डोक्याला हात लावणे अशक्य होई. अशा तापलेल्या यंत्रात तेलाची वाफ हवेबरोबर जास्त प्रमाणात वाहून जाते आणि तेल जळू लागले तर कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ शकतो, हे मी नंतर शिकलो. तेव्हा फक्त हेल्मेटमध्ये मंद, गोडसर तेलकट वास येत होता. फोनवर तक्रार केली तर उत्तर आले, "नवी नळी आहे, आठ दिवसांत वास जाईल." आठ दिवसांनी वास तेवढाच होता, पण मला त्याची सवय झाली होती.

डोकेदुखी मात्र वेगळी होती. ती रोज नसे. कपाळ आवळल्यासारखे होई, मळमळ वाटे आणि संध्याकाळी मोकळ्या हवेत चालून आले की उतरत असे. मी ती उन्हाळ्यावर ढकलली. माझ्या पत्नीने कॅलेंडरवर खुणा केल्या नसत्या तर हे कधीच लक्षात आले नसते की त्या खुणा बहुतेक गुरुवारच्या होत्या. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद असणे पुणेकरांना नवे नाही. अशा दिवशी आम्ही शेजारच्या शेडच्या डिझेल जनरेटरवरून लाइन घेतो, आणि त्या जनरेटरचा धुराडा त्याच मागच्या बोळात उघडतो, जिथे माझा कॉम्प्रेसर उभा आहे. एवढे सगळे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी ते कधी जोडून पाहिले नव्हते, कारण 'गॅस व वास' असा स्टिकर समोर होता.

माझा भाचा भोसरीतील एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. त्याला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून तो एका गुरुवारी येताना साहेबांच्या परवानगीने त्यांच्याकडचा गॅस मोजण्याचा मीटर घेऊन आला. जनरेटर चालू असताना नळीचे टोक आणि मीटर एका पिशवीत धरल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढत दशलक्ष भागांत ३८ वर गेला. संध्याकाळी वीज आली, जनरेटर बंद झाला आणि थोड्या वेळाने तो आकडा शून्यावर आला. या वायूला वास नसतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. म्हणजे दर गुरुवारी मी खरादीवर वाकून, धारदार हत्यार हातात धरून, हळूहळू माझ्याच रक्तातला ऑक्सिजन कमी करत होतो. मग नळीच्या टोकावर पांढरा रुमाल बांधून अर्धा तास हवा सोडली, तर त्यावर पिवळसर डाग पडला. तेल रोजचे होते, धूर गुरुवारचा.

त्यानंतर भाच्याने प्रेशर काढून पॅनेल खोलले आणि तो हसायलाच लागला. "मामा, हा आमच्या लाइनवरचा साधा एफआरएल आहे," तो म्हणाला. हवेवर चालणाऱ्या हत्यारांसाठी फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर असा जो जोड मिळतो, त्याला एफआरएल म्हणतात. पहिल्या बाउलमध्ये ब्राँझच्या कणांची ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळी होती. ती पाण्याचे थेंब आणि गंजाचे कण अडवते, पण तेलाचे तुषार एक मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि त्यांच्यासाठी शतांश मायक्रॉनपर्यंतचा, थेंब एकत्र करून खाली टाकणारा वेगळा फिल्टर लागतो. दुसऱ्यातही तशीच जाळी निघाली. खरी करामत तिसऱ्या बाउलची होती. तो ल्युब्रिकेटरचा, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ऑइलरचा होता. या भागाचे काम हवेत तेल सोडणे हे आहे. त्यात मुख्य हवा वरच्या डोक्यातूनच सरळ निघून जाते, बाउलमध्ये ती उतरत नाही, आणि खालचे तेल एका बारीक नळीने थेंबाथेंबाने वर चढते. त्या बाउलमध्ये तेलाऐवजी कोळशाचे दाणे भरलेले होते. हवेचा त्या कोळशाशी संबंधच येत नव्हता. दाणे फक्त बाहेरून दिसण्यासाठी होते.

आणि समजा हवा त्या कोळशातून गेली असती, तरी कार्बन मोनॉक्साइड अडला नसता. ॲक्टिव्हेटेड कार्बन तेलाची वाफ आणि वास धरतो, पण हा वायू त्यावर टिकत नाही. त्यासाठी हॉपकॅलाइट नावाचे मँगनीज डायऑक्साइड व कॉपर ऑक्साइडचे मिश्रण वापरतात, जे त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते, आणि तेही ओल लागली की निकामी होते, म्हणून त्याआधी हवा कोरडी करणारा टप्पा लागतो. पुण्याच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतून रोज किती पाणी निघते हे ज्याने पाहिले आहे, त्याला तीन बाउलमध्ये हे सगळे मावणार नाही हे वेगळे सांगायला नको.

प्रमाणपत्र मी नंतर शांतपणे वाचले. त्यावर 'ईएन १२०२१ प्रमाणित फिल्टर' असे छापले होते. हे युरोपीय मानक हवेचे आहे, फिल्टरचे नाही. श्वासाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दशलक्ष भागांत ५ हून आणि तेल घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त नसावे, वास नसावा, असे ते सांगते. ते पाळले जाते की नाही हे तुमच्या नळीच्या टोकाशी मोजूनच कळते, दुकानात टांगलेल्या बाटलीला ते आधीच मिळालेले असू शकत नाही. दुसरा उल्लेख आयएसओ ९००१ चा होता, जो कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतो, वस्तूबद्दल नव्हे. हेल्मेटवर सीई ही युरोपीय नियमांची खूण असलेली अक्षरे होती, पण श्वसनसंरक्षणाच्या साधनांवर त्यांच्याशेजारी तपासणी संस्थेचा चार अंकी क्रमांक असावा लागतो. तो नव्हता.

मी पॅनेल घेऊन दुकानात गेलो तेव्हा नम्रपणा संपलेला होता. दोष माझ्या कॉम्प्रेसरचा आहे असे आधी सांगण्यात आले आणि मग बिल मागण्यात आले. इथे माझी लाज लपवण्यात अर्थ नाही. जीएसटी वाचवण्यासाठी मी कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला होता, ५,००० रुपये यूपीआयने आणि बाकी रोख. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये ज्या शहरात सुरू झाली, त्या शहरात आयुष्य काढलेल्या माणसाने हे करावे! व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेला पॅनेलचा फोटो, 'ब्रीदिंग एअर सेट' हे त्याचे शब्द, किंमत आणि यूपीआयची नोंद एवढाच पुरावा हातात राहिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर त्याने यूपीआयचे पाच हजार परत केले आणि रोख रक्कम मिळालीच नसल्याचे सांगितले. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालत नाही असे मला अनेकांनी सांगितले होते, परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात या बंधनातून वगळलेली आहे. मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

सध्या मी बॅटरीवरचे हेल्मेट वापरतो. ते ईएन १२९४१ मानकाच्या टीएच२ वर्गातले आहे, म्हणजे त्यात बाहेरची धूळ दोन टक्क्यांहून जास्त येऊ नये अशी अट आहे. धुळीसाठी तेवढे पुरते, कारण धूळ गाळता येते. थिनर किंवा पीयू पॉलिशच्या वाफेला मात्र तो फिल्टर चालत नाही, म्हणून पॉलिशचे काम शेडबाहेर केले जाते. कॉम्प्रेसर पुन्हा फक्त पॉलिशच्या स्प्रे गनसाठी आहे.

असे पॅनेल कोणी आधीच घेतले असेल तर त्यांनी हेल्मेट आजच बाजूला ठेवावे, व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर पूर्ण काढावे आणि तिसरा बाउल उघडून पाहावा. वर थेंब मोजण्याची काचेची छोटी घुमटी आणि त्यातून बाउलच्या तळापर्यंत उतरलेली बारीक नळी दिसली, तर तो ऑइलर आहे. दाणे टाकून देऊ नयेत. आहे तसाच बाउल बंद करून फोटो काढावेत आणि चिठ्ठीसकट खोक्यात ठेवावा. माझाही तसाच ठेवलेला आहे.