‘झोन 3 पक्का’ म्हणत विकलेलं बंद जंगल

राजस्थानातल्या रणथंबोरच्या वाघांच्या जंगलात जायचा बेत असेल तर आधी एवढं डोक्यात ठेवा: 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात तिथले 1 ते 5 नंबरचे झोन, म्हणजे सफारीसाठी पाडलेले भाग, बंद असतात. आम्हाला सप्टेंबरातल्या तारखेची झोन 3 ची सफारी विकली गेली. पूर्ण पैसे आगाऊ घेऊन, शिक्का मारलेल्या परमिटसकट.

आम्ही परभणीचे. आमचं घर आणि दाजींचं घर मिळून आठ माणसं. आक्काच्या मनात रणथंबोर किल्ल्यावरच्या त्रिनेत्र गणेशाचं दर्शन फार दिवसांपासून होतं. लेकीच्या लग्नाची पहिली पत्रिका तिनं पोस्टानं त्यालाच धाडली होती. देशभरातून अशा पत्रिका तिथं रोज जाऊन पडतात. पोरांना अर्थात वाघ बघायचा होता. पितृपंधरवड्यात गर्दी कमी आणि हॉटेलं स्वस्त, म्हणून तेव्हाचं रेल्वे रिझर्व्हेशन केलं.

सफारीसाठी मोबाइलवर शोधलं की सगळ्यात वर येतं ते पान बहुतेक वेळा पैसे देऊन वर आणलेली जाहिरात असते. हेही तसलंच. नावात रणथंबोर, नॅशनल, पार्क, ऑफिशियल असे सगळे शब्द कोंबलेले, कोपऱ्यात सरकारी वाटावं असं चिन्ह, आणि मधोमध 1961 सालचा तो काळा-पांढरा फोटो: इंग्लंडची राणी एलिझाबेथ, तिचा नवरा फिलिप, जयपूरचं राजघराणं आणि पुढ्यात मारलेला वाघ. खाली लिहिलेलं, ‘शाही शिकारगाह पॅकेज’.

या लोकांना इतिहास बऱ्यापैकी ठाऊक असतो, हे मान्य करायला हवं. रणथंबोर ही जयपूरच्या महाराजांची खासगी शिकारीची जागा होती, हे खरं. 1955 मध्ये ते अभयारण्य झालं, 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पात आलं, 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पद्म तलावाच्या काठावरचा जोगी महाल, त्याच्या शेजारचा तो अवाढव्य वड, हेही खरं, आणि ते सगळं झोन 3 मध्येच येतं. म्हणूनच झोन 3 ला इतकी मागणी. पानावरच्या नंबरला फोन केला तर तिथल्या माणसानं याच खऱ्या गोष्टींत आपला माल मिसळला. ‘सरजी, महाराजा लोगों के जोगी महल में आपका चाय-नाश्ता रहेगा,’ म्हणाला. आता जोगी महालात पर्यटकांची अशी कसलीही सोय नाही. पण परभणीत बसून हे कुणाला कळणार?

माणशी 4,100 रुपये, म्हणजे एकूण 32,800. आधी निम्मे म्हणाला. तासाभरात परत फोन: ‘आज का कोटा बंद हो रहा है, बाकी अभी डालिए.’ दाजींनी यूपीआयनं पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. तिथं ना वनखातं होतं ना राजस्थान सरकार. कुणा एका माणसाचं नाव होतं. विचारल्यावर उत्तर तयार, ‘हमारे अकाउंटंट हैं.’

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर परमिटची पीडीएफ आली. गोल शिक्का, सही, क्यूआर कोड, सगळं साग्रसंगीत. दाजींच्या ओळखीचे किनवटकडचे एक निवृत्त वनपाल आहेत, त्यांना कौतुकानं दाखवायला ती पाठवली. त्यांचा लगेच फोन. ‘अहो, सफारीच्या जिप्सी जीपमध्ये सहाच माणसं बसतात, आठ जणांचं एक परमिट निघेल कसं? आणि सप्टेंबरात तीन नंबर उघडला कुणी?’ आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. खऱ्या बुकिंगला प्रत्येक माणसाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर लागतो, गेटवर तेच मूळ ओळखपत्र बघतात. आमच्या कागदावर फक्त दाजींचं नाव आणि पुढं ‘अधिक 7’.

खरं बुकिंग राजस्थान सरकारच्या पोर्टलवरून होतं. त्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. नावात कुठंतरी मधे ‘गव्ह’ असणं वेगळं. हॉटेलवाले किंवा एजंट तुमच्या वतीनं बुकिंग करून देतात, त्यात गैर काही नाही, मात्र तेसुद्धा तुमची ओळखपत्रं मागतातच. जो मागत नाही त्याला परमिट काढायचंच नसतं.

पुढचा भाग जास्त सावध राहण्यासारखा. जाब विचारल्यावर पठ्ठ्या जराही चिडला नाही. आधी ‘व्हीआयपी परमिशन’ सांगून पाहिलं, मग म्हणाला, रिफंड देतो, फक्त 18 टक्के जीएसटी आधी भरा, सगळं एकत्र परत येईल. त्यालाही नाही म्हटल्यावर क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. त्या कोडवर पिन टाकला असता तर खात्यात उरलेलेही गेले असते.

त्याच रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. दोन्ही व्यवहारांचे यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅटचे स्क्रीनशॉट, ती पीडीएफ, सगळं हाताशी ठेवा. फोनवर पहिलं तेच विचारतात. आणि उशीर करू नका, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. आमचे 11,000 वाटेत एका खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर काढून झाले होते. बँकेनं हात वर केले: पिन तुम्हीच टाकलात, तेव्हा अनधिकृत व्यवहाराचा नियम इथं लागत नाही.

रणथंबोरला मात्र आम्ही गेलो. किल्ल्यावर आणि गणपतीला जायला सफारीचं परमिट लागत नाही, त्यामुळं आक्काचं दर्शन निवांत झालं. 6 ते 10 झोन पावसाळ्यातही चालू होते. कँटरमधून, म्हणजे सफारीच्या मोठ्या उघड्या गाडीतून, पोरांना नीलगाय आणि सांबर दिसले, वाघ नाही.

परतल्यावर ‘सायबर सेलमधून बोलतोय’ म्हणणाऱ्याचा फोन आला. पैसे सोडवायला 2,500 प्रोसेसिंग फी मागत होता. चौकीत विचारलं तर त्यांच्याकडून असा फोन गेलेलाच नव्हता. गोठवलेली रक्कम सुटावी म्हणून अर्ज केला आहे. ते पान आता बंद दिसतं, पण त्याच मजकुराचं, त्याच फोटोचं दुसऱ्या नावाचं पान सुरू झालंय आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी ‘झोन 3, चारच सीट शिल्लक’ अशी जाहिरात करतंय. त्याचीही तक्रार पोर्टलवर टाकली आहे.