लाकडी बॉडीच्या जुन्या मोटारीचं मॉडेल: प्लॅस्टिकचं किट घ्यावं की प्लायवूडचं?

लाकडी बॉडीच्या जुन्या अमेरिकन मोटारींना तिकडे ‘वुडी’ म्हणतात. अशा गाडीचं मॉडेल करायचं मनात आलं की दोन तऱ्हेची किट समोर येतात. एक १/२५ किंवा १/२४ मापाचं (म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या किंवा चोविसाव्या हिश्शाएवढं) प्लॅस्टिकचं, ज्यात लाकूड तुम्ही रंगाने उभं करायचं. दुसरं लेझरने कापलेल्या प्लायवूडचं, ज्यात सगळंच लाकूड. पहिल्यांदा बघणाऱ्याला दुसरं बरोबर वाटतं, कारण गाडी लाकडाची तर मॉडेलही लाकडाचंच हवं. माझं मत उलट आहे, आणि कोकणात किनाऱ्याला राहणाऱ्याला तर मी ते ठामपणे सांगेन.

आधी मूळ गाडी नीट बघू. १९४१ची फोर्ड वुडी घ्या. बॉनेट, मडगार्ड, पुढचं सगळं नाक पत्र्याचं. लाकूड सुरू होतं ते दरवाज्यांपासून मागे, आणि तेही दोन जातींचं. सांगाडा मेपलचा, फिकट आणि जाड. त्याच्या चौकटींत बसवलेली पॅनल बर्च किंवा गमसारख्या दुसऱ्या झाडांची. छप्पर म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं लेप दिलेलं जाड कापड. फोर्डने १९२९मध्ये मॉडेल ए गाडीवर अशी स्टेशन वॅगन (मागे सामानाला जागा असलेली लांब गाडी) काढली. पुढे मिशिगनमधल्या आयर्न माउंटनच्या कारखान्यात कंपनी स्वतःच्या जंगलातलं लाकूड कापून या बॉडीचे भाग करत असे. क्रायस्लरच्या १९४६च्या टाउन अँड कंट्रीत हा रंगांचा खेळ आणखी उठून दिसतो: ॲशचा पिवळसर सांगाडा आणि त्यात महोगनीची तांबूस पॅनल. या बॉडीला हातमजुरी फार लागे, आणि मालकाला दरवर्षी वॉर्निश मारावं लागे. शेवटी पत्रा जिंकला. फोर्डने १९५१नंतर लाकडी बॉडी सोडली, आणि १९५३च्या ब्युइकबरोबर अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादनातली खऱ्या लाकडाची वॅगन संपली.

लाकडी बॉडी आपल्याला परकी नाही. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावलेली पहिली एसटीसुद्धा लाकडी बॉडीची आणि कापडी छपराची होती.

तर वुडीचं सौंदर्य आहे ते चकचकीत पत्रा, क्रोम आणि लाकूड शेजारी-शेजारी असण्यात. प्लायवूडच्या किटमध्ये नेमकं हेच हरवतं. बॉनेट प्लायचं, टायर प्लायचे, इंजिनही प्लायचं, सगळं एकाच बिस्किटी रंगात. युगिअर्स या प्लायवूड किटच्या कंपनीचा जुन्या धाटणीचा रोडस्टर (उघडी दोन आसनी गाडी) मला मनापासून आवडतो. ४००च्या वर भाग, गोंद अजिबात नाही, आणि रबरबँडच्या जोरावर तो खरंच पळतो. यंत्र म्हणून ते उत्तम काम आहे. पण त्यातलं लाकूड हे फक्त साहित्य आहे, गाडीच्या लाकडाशी त्याचा संबंध नाही.

तरी प्लायवूडचं किट कुणी घ्यावं, तेही सांगतो. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल आणि मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनी मिळून काही करायचं असेल, तर बेलाशक घ्या. रंग नाही, थिनरचा वास नाही, वेगळी हत्यारं विकत घ्यायला नकोत. वीज गेली तरी खिडकीपाशी बसून काम चालू राहतं. चूक झाली तर बहुतेक वेळा भाग काढून पुन्हा बसवता येतो.

मात्र पावसाळ्यात ते उघडू नका. रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दमट हवेत प्लाय फुगतं. जाडीत केसभर वाढलं तरी खाचा घट्ट होतात, जोर लावला की पातळ दाते तुटतात, आणि बसवलेले गिअर अडकून राहतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काम सुरू करा. तोवर सगळ्या शीट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दात्यांना आणि आसांना मेण घासायला विसरू नका. मॉडेल झाल्यावरही बुरशी आणि भुंगा यांची काळजी आहेच, म्हणून ते भिंतीला टेकून ठेवू नये.

प्लॅस्टिकला हवेचं हे भय नाही. पॉलिस्टायरिन ना फुगतं ना त्याला बुरशी खाते. त्रास होतो तो रंगाला आणि गोंदाला. लॅकर रंग फवारला की त्यातलं द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साठतं, म्हणून एअरब्रश (हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेन) वापरणार असाल तर मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे ते पाणी अडवणारी बाटली, हवीच. फेविक्विकच्या जातीचा गोंद दमट हवेत लवकर धरतो, पण त्याची वाफ काचांवर आणि क्रोमवर पांढरा थर सोडते. काचा फेविकॉलने चिकटवा. तो वाळला की पारदर्शक होतो. यावर माझी रीत साधी आहे. पावसाळ्यात कापणं, घासणं, जोडून बघणं एवढंच करायचं, आणि फवारायचे रंग दसऱ्यानंतर. दारं-खिडक्या बंद असताना तसंही थिनर उघडू नये.

आता मुख्य शंका: प्लॅस्टिकवर लाकूड खरं दिसेल का? दिसतं, आणि १/२५ मापात तर खऱ्या लाकडाहून खरं दिसतं. कारण मापात आहे. पाच मीटरची गाडी इथे २० सेंटिमीटरची होते, पण सागाच्या तुकड्यातली छिद्रं आणि रेषा काही लहान होत नाहीत. गाडीच्या मानाने त्या पंचवीसपट मोठ्या दिसतात. ब्रशने मात्र रेषा हव्या तितक्या बारीक काढता येतात.

पद्धत अशी. लाकडाचा सगळा भाग आधी फिकट पिवळसर ॲक्रिलिकने रंगवा आणि पूर्ण वाळू द्या. मग बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी) ऑइल कलर अगदी थोडा घेऊन लावा आणि राठ, जुन्या ब्रशने एका दिशेने ओढून बहुतेक पुसून काढा. उरतात त्या रेषा. दिशा महत्त्वाची आहे: उभ्या खांबांवर रेषा उभ्या, आडव्या पट्ट्यांवर आडव्या. दोन लाकडं जिथे मिळतात तिथे टोकदार पेन्सिलने जोड आखा. एवढ्याने सुताराने खाच-कूस करून बसवल्यासारखी चौकट उभी राहते, आणि बघणारा तिथेच फसतो. ऑइल कलर वाळायला कित्येक दिवस घेतो, दमट हवेत आणखी जास्त. घाई करू नका. त्यावर क्लिअर कोट (पारदर्शक लेप), मग चौकटीच्या आतल्या पॅनलवर तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात. चौकट उंच असल्याने ब्रश आपोआप कडेला थांबतो. काही किटमध्ये लाकडाच्या रेषांचे डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) येतात. पॅनलवर ते चालतात, सांगाड्यावर नको. छप्पर कापडी असेल तर ते चमकवू नका, मॅटच ठेवा.

तिसरी वाट म्हणजे प्लॅस्टिकच्या किटवर खऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवणं. मोह होतो, आणि कोकणात माणूस लाकडात वाढलेला असतो, म्हणून जास्तच होतो. करायचंच तर साग टाळा. हेदाचं लाकूड पिवळसर आणि बारीक पोताचं असतं, ते सांगाड्याला शोभतं. पॅनलला फणस चालेल, वयाबरोबर तो गडद होतो. बाजारातलं विनियर (लाकडाचा तयार पातळ पापुद्रा) अर्धा मिलिमीटर जाड असलं तरी मापात ते बारा-तेरा मिलिमीटर होतं आणि दरवाज्याची कड जाडजूड दिसते. त्यापेक्षा ओळखीच्या सुताराच्या रंध्याखालून निघणारी पातळ साल इस्त्रीने सपाट करून वापरा. दोन्ही बाजू सीलरने बंद केल्याशिवाय ती चिकटवू नका, नाहीतर पहिल्याच पावसात कडा उचलतात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं-खेळणी रंगवताना बघितलीत, तर लाकडाची पूर्वतयारी किती करावी लागते ते लक्षात येईल. पहिल्या मॉडेलला ही वाट मी सुचवणार नाही.

प्लॅस्टिकचं ठरलं तर किट कुठलं? एएमटी आणि रेव्हेल या किट बनवणाऱ्या कंपन्या. एएमटीची १९४१ फोर्ड वुडी आणि रेव्हेलची १९४९ मर्क्युरी वॅगन, दोन्ही १/२५ मापात आहेत. मर्क्युरीला छप्पर पत्र्याचं, दरवाजे दोनच आणि लाकूड बाजूंना, म्हणजे हात बसेपर्यंत रंगवायचं क्षेत्र आटोपशीर. नवख्याने तिथून सुरुवात करावी. मन फोर्डवरच असेल तर तीही घ्या, फक्त तिच्या खांबांना वेळ द्या. किटच्या किमतीवर रंग, प्रायमर, कटर, गोंद यांचा खर्च वेगळा धरा. पहिल्या खेपेला तो किटच्या जवळपास जाऊ शकतो. स्प्रेचे डबे ज्वलनशील म्हणून विमानाने येत नाहीत आणि कुरिअरला उशीर होतो. गणपतीला मुंबईहून कुणी गावी येणार असेल तर किट त्यांच्याबरोबर मागवा, म्हणजे रंगाचा हंगाम सुरू होईपर्यंत कापून-घासून सगळं तयार राहील.