मॅगव्हील बदलताना आधी सेन्सरबद्दल विचारणारं दुकान

माझी गाडी 2020 ची. फेब्रुवारीत शिरवळच्या पुढे एका खड्ड्यात डावीकडचं पुढचं चाक असं आदळलं की मॅगव्हीलच्या, म्हणजे टायरच्या आतल्या मिश्रधातूच्या चाकाच्या, आतल्या कडेला बारीक चीर गेली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. डॅशबोर्डवर मात्र त्या एका चाकाच्या हवेच्या दाबाचा आकडा (पीएसआय या मापात) उतरत चालला होता. सोमवारी 33, बुधवारी 31, शुक्रवारी 29. पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवलं तेव्हा बुडबुडे टायरमधून नाही, धातूतून आले.

मी पुण्यात वारज्याला राहते. दर शनिवारी पहाटे साताऱ्याला आईकडे जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. म्हणजे नवले पूल, कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, खंबाटकी, आठवड्यातून दोनदा. चीर वेल्डिंग करून मिळते, पण अशा रस्त्याला वेल्डिंग केलेलं चाक मला नको होतं. 2011 मध्ये दादाच्या गाडीचा मागचा टायर याच रस्त्यावर फुटला. हवा कमी होती आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, तापते आणि वेगात असताना फाटते. गाडी दुभाजकाला घासत थांबली. आत वहिनी आणि दोन्ही मुलं होती. सगळे वाचले. तेव्हापासून टायरमधल्या हवेच्या बाबतीत मी कोणाच्या शब्दावर राहत नाही.

आधी ज्या दुकानात गेले ते मोठं होतं, एसी होता, कॉफीही मिळाली. जुनी चारही चाकं एक्स्चेंजमध्ये घेऊन आठ हजार वजा करतो म्हणाले. चाकाच्या आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याचं काय, असं विचारलं तर उत्तर आलं, "डॅशबोर्डवरचा दिवा लागून राहील मॅडम, पण त्याने गाडीला काही होत नाही." मी किल्ली उचलली आणि बाहेर पडले. ओरिजिनल सेन्सर एकेक तीन हजारांच्या घरात जातो. म्हणजे आठ हजारांच्या सवलतीत माझे बारा हजारांचे सेन्सर जुन्या चाकांबरोबर गेले असते, आणि पुढच्या चिरेची खबर देणारंही कोणी उरलं नसतं.

नाना पेठेतलं हे दुसरं दुकान जेमतेम दीड गाळ्याचं आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांच्या हातून एक चूक झाली, ती पुढे सांगते. काउंटरवरच्या काकांनी चाकाचं डिझाइन दाखवायच्या आधी विचारलं, "ताई, स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसतात, की नुसता दिवा लागतो?"

या एका प्रश्नावर पुढचं सगळं काम ठरतं. आकडे दिसत असतील तर बहुधा प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या मुळाशी, बॅटरीवर चालणारा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजतो आणि रेडिओने गाडीला कळवतो, आपल्याकडे 433 मेगाहर्ट्झवर. नुसता दिवा असेल तर बऱ्याच गाड्यांत चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त वेगाने फिरतं, आणि तो फरक ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचे, चाकांचा वेग मोजणारे सेन्सर पकडतात. दादाची आताची गाडी अशी आहे. तिची मॅगव्हील बदलली तर आत काही हलवावं लागत नाही. हवा नीट भरून रीसेटचं बटण मात्र दाबायलाच हवं, नाहीतर गाडी जुन्या चाकांचाच हिशोब धरून बसते.

माझ्या गाडीत सेन्सर आहेत म्हटल्यावर काकांच्या मुलाने एक यंत्र आणलं आणि टायरला हात लावायच्या आधी चारही व्हॉल्व्हजवळ धरून वाचन घेतलं. सेन्सरचा क्रमांक, दाब, तापमान, बॅटरी. तीन ठीक होते. उजव्या मागच्याची बॅटरी संपत आली होती. ही बॅटरी बदलता येत नाही, ती सेन्सरमध्येच सीलबंद असते आणि साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. टायर उतरणारच होता, म्हणून तो एक सेन्सर नवीन घेतला. 3,200 रुपये. महिन्याभराने तो बंद पडला असता तर त्याच चाकाचा टायर परत काढावा लागला असता, बॅलन्सिंग परत करावं लागलं असतं.

चाकं 16 इंचांची 17 इंचांची केली. टायर 215/60 आर 16 होते, ते 215/55 आर 17 झाले. बाहेरचा व्यास चारेक मिलिमीटरने वाढतो, एक टक्क्याच्या आतच, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. विमा कंपनीलाही कळवलं.

फिटिंग मी बाजूला उभी राहून पाहिलं. मिस्त्रींनी टायर दाबून सोडवणारं पातं व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला लावलं. सेन्सर फुटतात ते इथेच, पातं व्हॉल्व्हजवळ पडलं की. नवीन चाकाचं भोक आणि आतला उतार सेन्सरला बसतोय का, हे टायर चढवायच्या आधी रिकाम्या चाकात सेन्सर धरून पाहिलं. पातळ कांबींच्या काही डिझाइनमध्ये सेन्सर आत टेकतो, म्हणून मला आवडलेलं एक डिझाइन काकांनी आधीच बाद केलं होतं. व्हॉल्व्हमधली पिन निकेलचा मुलामा असलेली घातली, कारण अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन गंजून धरते. टोपणंही प्लास्टिकचीच दिली. मी चमकदार धातूची मागितली होती. तीही अशीच धरतात आणि काढताना व्हॉल्व्ह मोडतो, असं त्यांनी समजावलं. ते पटलं. नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर परत तपासायला या असं बिलावर लिहून दिलं.

मग मुलगा म्हणाला, "ताई, आत बसा, आकड्यांकडे बघा." एका चाकातली हवा त्याने हळूहळू सोडली. 33, 30, 28. दिवा लागला तेव्हा आकडा 25 होता. नुसत्या दिव्यावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे, दाब सांगितलेल्यापेक्षा 25 टक्के खाली आला की दिवा लागला पाहिजे, आणि माझी गाडीही तिथेच दिवा लावते. 33 चे 25 टक्के म्हणजे साधारण आठ पीएसआय. सात कमी असतानाही दिवा गप्प असतो. आकडे असतील तर आकडे बघा. आणि सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा कमी नाही, सेन्सरचाच संपर्क तुटलाय, असं समजायचं.

आता चूक. चौथ्या दिवशी सकाळी तीन चाकं 32 आणि डावं मागचं 29. आधी वाटलं, हवा भर दुपारी भरली होती म्हणून थंडाव्यात उतरली असेल. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी दिसतं, टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला असला तरी. पण तसं असतं तर चारही सारखे उतरले असते. साबणाचं पाणी केलं आणि डाव्या मागच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी ओतलं. काही नाही. मग सहज उजव्या मागच्यावर ओतलं, तर तिथे बारीक फेस येत होता. म्हणजे दोन चुका झाल्या होत्या. एका सेन्सरला जुनंच रबरी सील परत वापरलं होतं, आणि मागच्या दोन चाकांची नोंद गाडीत अदलाबदल झाली होती. गाडी डावं म्हणत होती, प्रत्यक्षात ते उजवं होतं.

मला राग आला तो अदलाबदलीचा. सील पाच मिनिटांचं काम आहे. पण महामार्गाच्या कडेला, ट्रक अंगावरून जाताना, माणूस चुकीच्या चाकाशी वाकून बसला तर? काकांना फोन केला. त्यांनी हुज्जत घातली नाही. "चूक आमची आहे ताई, उद्या पहिली गाडी तुमची." दुसऱ्या दिवशी चारही चाकांना नवीन सील किट घातलं, पैसे घेतले नाहीत, आणि स्टीअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावून चारही जागांची नोंद नव्याने केली. यावेळी मीच हट्टाने प्रत्येक चाकातली दोन-दोन पीएसआय हवा सोडायला लावली आणि स्क्रीनवर बरोबर तीच जागा उतरते का ते पाहिलं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी चारही चाकांवर करायला हवं होतं. तसं त्यांना म्हटलं, आणि त्यांनी मान्य केलं.

मैत्रिणीच्या गाडीत काचेजवळ ठेवायचा सोलर डिस्प्ले आणि व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवायचे सेन्सर आहेत. तिला सेन्सर नव्हतेच, त्यामुळे तिच्यासाठी ते चांगलंच आहे, शिवाय बटण सेल घरी बदलता येतो. पण हवा भरताना दरवेळी काढावे लागतात, आणि रबरी व्हॉल्व्हवर ते वजन सतत हलत राहतं. आतले सेन्सर शाबूत असतील तर मी त्यांच्याकडे वळणार नाही.

स्टेपनीत मात्र सेन्सर नाही. ती लावली की गाडी त्या चाकापुरती आंधळी होते. काका म्हणाले, खर्च करू नका, स्टेपनीवर ऐंशीच्या पुढे जाऊच नका आणि पंक्चर काढून मूळ चाक लगेच चढवा. एवढं मी ऐकलं. पंक्चरचं लिक्विड मात्र टायरमध्ये घालू देत नाही, त्याने सेन्सरचं बारीक भोक बुजू शकतं.

नाना पेठेत अशा कामाला जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा. गाडी गल्लीत उभी करायला तेव्हाच जागा मिळते आणि टायर कमी तापलेले असतात, त्यामुळे भरलेला आकडा खऱ्याच्या जवळ असतो. सील नवीन घालणार ना, हे बिल करायच्या आधी विचारा. आज पहाटे निघताना माझे आकडे होते 33, 33, 32, 33. साताऱ्यात पोचल्यावर चारही 36. सगळे एकदम चढले होते. मी गाडी सावलीत लावली आणि आईकडे वर गेले.