ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकचा नवा संच : सात महिने आणि ४२०० मैलांनंतरचा अनुभव

कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेकडे बाहेर पडले की सिल्व्हरथॉर्नपर्यंतचा रस्ता सुमारे ७ टक्के उताराने खाली येतो, आणि त्याची सुरुवात ११,००० फुटांहून अधिक उंचीवर होते. गेल्या वर्षीच्या शेवटच्या सहलीत या उतारावर आमचा दोन ॲक्सलचा, साधारण ६००० पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर पिकअपला मागून ढकलत असल्याचे स्पष्ट जाणवले. ट्रेलरच्या ब्रेकना किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या, पिकअपमधल्या कंट्रोलरवरचा जोर कमाल पातळीपर्यंत वाढवूनही त्यात फरक पडला नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा कसाऱ्याच्या घाटात शिकलेला नियम त्या दिवशी उपयोगी पडला.

एप्रिलमध्ये चाके काढली तेव्हा कारण समजले. या ॲक्सलच्या टोकाला ग्रीसगन लावण्याची निपल असते. आधीच्या वर्षी एका वर्कशॉपने तिथून जोराने इतके ग्रीस भरले होते की ते मागच्या सीलमधून बाहेर पडून उजव्या मागील चाकाच्या ब्रेक शूंवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींवर, पसरले होते. ग्रीस शोषलेले लायनिंग (शूवरचा घर्षणाचा थर) धुऊन पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो, कारण ते तापल्यावर आत मुरलेले ग्रीस पुन्हा पृष्ठभागावर येते. उरलेल्या तीन चाकांतील मॅग्नेटही (वीज मिळताच ड्रमला चिकटून शू पसरवणारे विद्युतचुंबक) एका बाजूने जास्त झिजले होते. केवळ शू आणि मॅग्नेट घेण्याऐवजी बॅकिंग प्लेटसह (ज्या पत्र्यावर ब्रेकचे भाग बसतात) पूर्ण जोडलेला संच घेतल्यास स्प्रिंगा, तरफ आणि ॲडजस्टर (शू आणि ड्रममधले अंतर जुळवणारा स्क्रू) सगळेच नवे मिळते आणि किमतीतला फरक फार नसतो, म्हणून १० इंची ड्रमसाठीचे, २¼ इंच रुंद लायनिंगचे चार तयार ब्रेक मी मागवले. सुमारे २५० डॉलर खर्च आला.

खोक्यातून तीन डावे आणि एकच उजवा ब्रेक निघाला. विक्रेत्याने तो विनातक्रार बदलून दिला, तरी आठ दिवस ट्रेलर ठोकळ्यांवर उभा राहिला. डावे-उजवे ओळखण्यासाठी लेबलवर विसंबू नये. आखूड लायनिंगचा शू ट्रेलरच्या पुढच्या दिशेला यायला हवा, आणि ही खूण पाहूनच ब्रेक बसवावा.

प्रत्यक्ष बसवणे अपेक्षेपेक्षा सोपे गेले. मागचे चार नट काढले, दोन तारा कापल्या की जुनी प्लेट हातात येते, आणि मॅग्नेटच्या दोन तारांपैकी कोणती कुठे जोडावी याचे बंधन नसते. जुन्या ब्रेकची धूळ मात्र हवेच्या झोताने उडवू नये, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रमचा आतील व्यास मोजला तेव्हा सर्वांत मोठा १०.०३ इंच भरला. मर्यादा १०.०९ इंचांची असल्याने ड्रम तेच ठेवले. बेअरिंगांत नवे ग्रीस भरून सील बदलले, ड्रम फिरवत नट ५० फूट-पौंडांपर्यंत आवळला, मग सैल करून केवळ बोटांनी घट्ट केला आणि कॉटर पिन घातली.

खरे काम यानंतर होते. स्वतःहून जुळणारे ब्रेकही बाजारात आहेत, पण मी हाताने जुळवण्याचे घेतले, त्यामुळे प्रत्येक प्लेटच्या तळाशी असलेल्या फटीतून वाकड्या टोकाचे चपटे हत्यार घालून ॲडजस्टरचे दातेरी चक्र फिरवणे भाग होते. चाक पुढच्या दिशेने फिरवत शू इतके पसरवायचे की हाताने चाक फिरवणे अतिशय कठीण व्हावे, आणि मग चक्र उलट फिरवत जायचे, जोवर चाक मोकळे फिरून लायनिंगचा जेमतेम घासल्याचा आवाज उरतो. माझ्याकडे त्यासाठी आठ ते अकरा दाते मागे यावे लागले. आकडा प्रत्येक चाकाचा निराळा निघाला, म्हणून दाते मोजण्यापेक्षा कानावर भरवसा ठेवला. त्यानंतर नवे लायनिंग ड्रमला बसावे म्हणून रिकाम्या रस्त्यावर, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारा कंट्रोलरचा हातदांडा वापरून ताशी ४० मैलांवरून २० मैलांपर्यंत वेग उतरवण्याचा क्रम वीस वेळा केला आणि दर दोन वेळांमध्ये ब्रेक थंड होऊ दिले.

पहिल्या सहलीत मी थोडा निराश झालो. पकड जुन्या ब्रेकपेक्षा निश्चित चांगली होती, पण नव्या सामानाकडून अपेक्षा असते तेवढी नव्हती. ट्रेलरचे ॲक्सल आणि ब्रेक बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या २०० मैलांनंतर आणि पुढे दर ३००० मैलांनी जुळवणी करण्यास सांगितले आहे, ते मी औपचारिकता समजून टाळणार होतो. २१० मैलांवर ट्रेलर पुन्हा उचलला, तेव्हा चारही चाकांत शू ड्रमला बसून त्यांच्यातील अंतर वाढलेले आढळले आणि प्रत्येक चक्र चार ते सहा दाते पुढे न्यावे लागले. त्या अर्ध्या तासाच्या कामाने जो फरक पडला तो ब्रेक बदलल्याने पडलेल्या फरकाहून मोठा वाटला. कंट्रोलरवरचा जोर मला निम्म्यावर आणता आला.

तरीही जूनमध्ये एका उताराच्या शेवटी इन्फ्रारेड तापमापकाने ड्रम तपासले, तेव्हा तीन जवळपास सारखे तापलेले आणि पुढचा डावा सुमारे ६० अंश फॅरनहाइटने थंड होता. जुळवणीत दोष नव्हता. पत्नीने कंट्रोलरचा हातदांडा पूर्ण दाबून धरला असता कंट्रोलरकडून ब्रेकना वीज नेणाऱ्या निळ्या तारेवर क्लॅम्प मीटरने ९ अँपिअर दाखवले. या आकाराचा एक मॅग्नेट सुमारे ३ अँपिअर घेतो, म्हणजे चारांचे १२ व्हायला हवेत. त्या चाकाजवळ मीच दाबून बसवलेला जोड आतून सुटला होता. सर्व जोड काढून सोल्डर केले आणि वर गोंदयुक्त आवरण आकसवून बसवले, त्यानंतर तक्रार आली नाही.

संचाच्या दर्जाबद्दल दोन उणिवा नोंदवतो. फटीवरची रबरी बुचे इतकी पातळ आहेत की ऑगस्टपर्यंत दोन हरवली आणि कच्च्या रस्त्याची माती आत शिरली. ॲडजस्टरच्या आट्यांवर कारखान्यातून वंगण जवळजवळ नव्हते, त्यामुळे दुसऱ्या जुळवणीत एक चक्र अडकले. बसवण्यापूर्वी तिथे उष्णतारोधक ग्रीसचा पातळ थर द्यावा, फक्त तो लायनिंगपासून दूर ठेवावा.

३००० मैलांची जुळवणी सप्टेंबरच्या अखेरीस केली, तेव्हा दोन ते तीन दातेच फिरवावे लागले. लायनिंगची झीज चारही चाकांत सारखी आहे आणि जाडी १/१६ इंचाच्या बदलण्याच्या मर्यादेपासून बरीच दूर आहे. गेल्या महिन्यात सिल्व्हरथॉर्नचा तोच उतार उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये, मध्ये मध्ये ब्रेक दाबून सोडत. खाली थांबून मोजले तेव्हा चारही ड्रमच्या तापमानात १५ अंशांपेक्षा जास्त अंतर नव्हते.