कोब्रा रेप्लिका: 16 महिने वापरली, मग विकली. किंमत नेमकी कशाला मिळाली?

गेल्या महिन्यात माझी कोब्रा विकली, म्हणजे 1960 च्या दशकातल्या कोब्रा या स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल (रेप्लिका). 23,500 पौंडांना घेतली होती, 16 महिने आणि 4,300 मैल वापरून 27,000 ला दिली. मधल्या काळात तिच्यावर 4,900 पौंड घातले, म्हणजे वजाबाकी केली तर 1,400 चा तोटा. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण घातलेल्यातला कुठला पैसा परत आला आणि कुठला बुडाला हे आता नीट कळलंय, आणि रेप्लिका घेऊ पाहणाऱ्याला ते घेण्याआधी कळावं म्हणून हे सगळं लिहितोय.

गाडीबद्दल थोडक्यात. इथल्याच, इंग्लंडमधल्या किटवर (सुट्या भागांच्या संचावर) 2003 साली एका गृहस्थांनी घरच्या गॅरेजमध्ये जुळवलेली. फायबरग्लासची बॉडी, जॅग्वार एक्सजे6 चं सस्पेन्शन, 3.9 लिटरचं रोव्हर व्ही8 (आठ सिलिंडरचं) इंजिन. चालवायला अप्रतिम. उन्हाळ्यात पाय ठेवायच्या जागेत भट्टी होते, दाराखालून जाणाऱ्या धुराच्या नळीला (साइड पाइपला) पोटरी लागली तर भाजते, आणि पावसात छत लावत बसण्यापेक्षा घरी परतलेलं बरं. एवढं सोसायची तयारी असेल तर हिच्यासारखं सुख नाही.

आता मुद्दा. 1962 ची पहिली कोब्रा, चासी (सांगाडा) नंबर सीएसएक्स2000, ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेत मॉन्टेरेच्या लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेली. कोब्रा बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीने ती शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवली होती. सुरुवातीला एकच गाडी हाताशी होती, म्हणून तो मासिकांच्या प्रत्येक चाचणीआधी तिचा रंग बदलायचा, बघणाऱ्याला वाटावं की बऱ्याच गाड्या तयार आहेत. ती कधीच नव्यासारखी करून घेतली नाही, आणि झिजलेल्या जागी खालचे जुने रंग डोकावतात तसेच राहू दिले. त्या गाडीचा उडालेला रंग हा तिचा इतिहास आहे. माझ्या गाडीचा रंग उडाला तर तो फक्त उडालेला रंग. अस्सल गाडीत मूळपण जपण्यासाठी फिनिशकडे काणाडोळा करतात. रेप्लिकेत जपायला जुनं मूळपणच नसतं, म्हणून फिनिश हीच तिची पत. हे मला घेताना कळलं नव्हतं. मी लांबून चकाकी पाहिली आणि भाळलो.

घेतल्यावर आठवडाभराने कोल्हापूरला काकांना व्हिडिओ कॉल लावला. उद्यमनगरात त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं काम 35 वर्षं चाललं. म्हणाले, "आरं, समोरनं नको दाखवू. दिवस मावळताना बाजूनं फोन फिरव." फिरवला, तर दारावरचं प्रतिबिंब लाटेसारखं हलत होतं. मग त्यांनी दाराच्या फटी दाखवायला लावल्या. डाव्या दाराची फट वर 3 मिलिमीटर, खाली 8. पांढऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक डिकीजवळ 6 मिलिमीटर रुंद झालेली. बॉनेटच्या बिजागरीपाशी जेलकोटला, म्हणजे फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराला, चांदणीसारख्या चिरा. "रंग नंतर. आधी दारं बसवून घे," एवढंच म्हणाले.

ते ऐकलं हे फार बरं झालं. अख्खी गाडी नव्याने रंगवायला मला 6,500 पौंड सांगितले होते. ते न करता दारं काढून पुन्हा टांगली, कडा लेवल केल्या, बॉनेटच्या चिरा मुळापासून घासून भरल्या, तेवढाच भाग आणि पट्ट्या रंगवल्या. खर्च 2,300. विकताना जे सहा जण पाहायला आले, त्यांतल्या चौघांनी पहिली बोटं फिरवली ती दारांच्या फटींवर. लोखंडी गाडीत भरलेली पुटी लोहचुंबकाने कळते; इथे तो प्रश्नच नाही, फायबरग्लास आहे. रंगाखाली किती पुटी भरलीय हे कळायला डोळा आणि बोटंच लागतात.

दुसरा खर्च चाकांचा, 1,500. आधीच्या मालकाने 18 इंची चाकं चढवली होती. ती काढून 15 इंची, हॅलिब्रँडच्या (जुन्या रेसिंग चाकांच्या कंपनीच्या) धर्तीची चाकं आणि उंच टायर बसवले. गाडी त्या दिवशी खरी कोब्रा दिसायला लागली. रेप्लिकेतलं 'ओरिजिनल' म्हणजे हेच: 1960 च्या दशकात ती जशी दिसायची तशी प्रमाणं, तसे डायल, तशी बटणं. डॅशबोर्डवर दुसऱ्या गाडीचं प्लॅस्टिकचं बटण दिसलं की पाहणाऱ्याची मान हलते. म्हणून स्मिथ्स या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीचे डायल 600 ला घातले, तेही वसूल झाले. बुडाले ते उरलेले 500, गरम होणाऱ्या सीट आणि स्टिरिओचे. त्यांचा एक पैसाही कुणी धरला नाही, उलट एकाने स्टिरिओ काढून द्याल का विचारलं.

इंजिनाचं मात्र मला काही करता आलं नाही. रोव्हर व्ही8 मूळचं ब्युइकचं, अॅल्युमिनियमचं, हलकं. मला ते मनापासून आवडतं. पण कोब्रा म्हणजे फोर्ड व्ही8: आधी 260 क्युबिक इंच, मग 289, मग 427. दोघे जण बॉनेट उघडून पाहिल्यावर नम्रपणे निघून गेले. जवळपास अशाच अवस्थेतली, फोर्डच्या 302 क्युबिक इंची इंजिनाची एक गाडी त्याच सुमारास माझ्यापेक्षा 5,000 पौंड जास्त सांगत होती आणि आधी गेली.

आणि कागद. याबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच. इथे किट कार रस्त्यावर आणायची तर 1998 पासून एसव्हीए आणि कारसाठी 2009 पासून आयव्हीए ही सरकारी मान्यतेची चाचणी. गाडीचं वय किंवा ओळख सिद्ध झाली नाही तर नंबर 'क्यू' अक्षराने सुरू होतो, आणि तो क्यू पाहून पुष्कळ लोक भाव पाडतात. पण मला क्यूपेक्षा जास्त भीती वेगळ्या गाड्यांची वाटते. मी घेण्याआधी एक पाहिली होती, फिनिश माझ्या गाडीपेक्षा कितीतरी सरस. व्ही5सी वर (नोंदणीच्या कागदावर) मात्र अजून, जिचे भाग वापरले त्या गाडीचं, 'जॅग्वार, सलून' असंच लिहिलेलं. समोर दोन दारांची उघडी गाडी आणि कागदावर चार दारांची सेडान! अशी गाडी पुन्हा चाचणीला पाठवायची वेळ येऊ शकते, नंबर जाऊ शकतो. दुसऱ्या एकीवर सीएसएक्स नंबराची पितळी पट्टी ठोकलेली होती. सीएसएक्स हा शेल्बीचा क्रमांक. त्याच्याच कंपनीने नंतर काढलेल्या सीएसएक्स4000 मालिकेच्या गाड्याही त्या नंबरामुळे आमच्यासारख्या किटच्या फार वर विकल्या जातात. बाजारातून आणून लावलेल्या पट्टीने किंमत वाढत नाही, विश्वास तेवढा जातो. मी तिथून लगेच निघालो. कोब्राचा आकार उसना घेतला तर त्यात कमीपणा नाही, पण नंबर उसना घेणं मला सरळ फसवणूक वाटते.

माझ्या गाडीचा बांधणाऱ्या गृहस्थांनी ठेवलेला जाडजूड बॉक्स फाइल माझ्याकडे होता: किटचं बिल, एसव्हीएचं प्रमाणपत्र, नुसत्या चासीपासूनचे 140 फोटो, ब्रेकच्या नळ्यांच्या पावत्यासुद्धा. त्यात मी माझ्या कामाचे फोटो आणि बिलं लावत गेलो. विम्याची ठरावीक रक्कम मान्य करून घेतानाही हीच फाइल कामाला आली.

ज्यांनी शेवटी गाडी घेतली ते निवृत्त इंजिनियर. चालवून पाहिली जेमतेम 10 मिनिटं, फाइल चाळली पाऊण तास. वायरिंगच्या फोटोपाशी थांबले, डॅशबोर्डखाली वाकून तेच हार्नेस (वायरींचा जुडगा) तसंच आहे ना हे टॉर्चने पाहिलं, आणि रोव्हरचं इंजिन असूनही मी सांगितलेल्या किमतीतून फक्त 500 कमी करायला सांगितले. मी हो म्हटलं.

आता दुसरी शोधतोय. फोर्ड 302 ची, आणि शक्यतो रंग न मारलेली, मूळ रंगीत जेलकोटवरचीच. तशा गाडीत दारं कुणी कशी बसवली ते लपत नाही. एक पाहून ठेवलीय, फटी चांगल्या आहेत; मालकाकडे नुसत्या चासीचे फोटो आहेत का, हे काल विचारलंय.