फाईल उघडायच्या आधी व्हायरसटोटलवर टाका

व्हायरसटोटल ही फाईलमध्ये व्हायरस आहे का ते तपासणारी वेबसाइट मी बरीच वर्षं वापरतेय, फुकटात याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला तरी माहीत नाही. २००४ ला स्पेनमध्ये सुरू झालं, २०१२ ला गूगलने घेतलं. ६५० एमबीपर्यंतची फाईल टाकायची की ७० च्या आसपास अँटीव्हायरस ती तपासतात. परवा काकूंना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे पत्रिका कसली ते चक्क ॲप, इन्स्टॉल केलं की एसएमएस वाचायची परवानगी मागणार आणि बँकेचे ओटीपी परस्पर गायब, तर मी ती न उघडता इथे टाकली आणि लाल अक्षरांत ट्रोजन (म्हणजे साध्या फाईलचं सोंग घेतलेला व्हायरस), ट्रोजन अशी रांगच लागली.

पण सगळं हिरवं आलं म्हणून बिनधास्त राहू नका हां, अगदी नवीन व्हायरस सुटू शकतो. आणि टाकलेली फाईल सिक्युरिटी कंपन्यांना बघता येते, त्यामुळे आधार, पॅन, पगाराची स्लिप चुकूनही टाकायची नाही. विंडोजमध्ये शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारा नावाचा शेवटचा तुकडा, लपलेलं असतं, त्यामुळे बिल.पीडीएफ.ईएक्सई (ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम) नुसतं बिल.पीडीएफ दिसतं, म्हणून फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' आजच चालू करून टाका.