पीपीएफ (गाडीच्या रंगावर लावायची पारदर्शक संरक्षक फिल्म) करताय? रोल एक दाखवतात आणि गाडीवर दुसराच चिकटवतात

पुण्यातल्या एका डिटेलिंगवाल्याने (गाड्यांना पॉलिश, फिल्म वगैरे करणाऱ्याने) आम्हाला कसं फसवलं ते सविस्तर लिहितोय, नाव घेत नाही कारण तक्रार चालू आहे. नवीन पांढरी गाडी, रंग टिकावा म्हणून पीपीएफ आणि काचांना उष्णता अडवणारी सिरॅमिक फिल्म. त्याने टीपीयूचा, म्हणजे लवचिक पॉलियुरेथेन प्लास्टिकचा, रोल समोर दाखवला, त्यावर ओरखडा मारून गरम पाणी ओतलं, ओरखडा गायब. पाच वर्षांची वॉरंटी. मात्र काम चालू असताना आत थांबू देत नाही, म्हणे धूळ येते.

एक उन्हाळा गेला आणि बॉनेट, बंपर पिवळट, कडा उचललेल्या. दुसऱ्या एका कारागिराला दाखवलं, त्याने दाराच्या कडेचा छोटा तुकडा कापून ताणला तर तो तसाच लांबलेला राहिला. टीपीयू असती तर रबरासारखी परत आली असती. ही टीपीएच, म्हणजे मुळात पीव्हीसीच, मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, उन्हाने तो निघून जातो आणि फिल्म कडक, पिवळी होते.

खरा संताप पुढे आहे. दुकानदार म्हणतो तुम्ही काळजी घेतली नाही, पहिल्याच आठवड्यात धुतली असणार, प्रेशर कडेवर मारला असणार. अहो, सगळं पाळलं होतं, साधा पीएच न्यूट्रल शॅम्पू, मायक्रोफायबर, पक्ष्यांची घाण लगेच पुसणं. आणि चुकीच्या धुण्याने कडा उचलतील एक वेळ, पण टीपीयूची पीव्हीसी कशी होईल? वॉरंटी कार्डच्या मागे बारीक अक्षरात होतं की दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे देऊन मेंटेनन्स केला नाही तर वॉरंटी रद्द. हे पैसे घेताना कोणी बोललं नव्हतं.

काचांचंही तेच. सुरुवातीचे काही दिवस फिल्मखाली धूसर दिसतं ते पाणी असतं, उन्हात सुकतं, तोवर काचा खाली करायच्या नाहीत आणि अमोनियावाला क्लीनर कधीच नको, हे खरंय. पण आमची फिल्म जांभळी पडली, म्हणजे सिरॅमिक नव्हतीच, स्वस्तातली डाय केलेली होती. वर इतकी काळपट की बाजूच्या काचेतून नियमाने लागतो तो 50 टक्के उजेडही आत येत नाही. पुढच्या मागच्या काचेला तर 70 टक्क्यांचा नियम आहे, 2012 ला सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हापासून हे सगळ्या दुकानदारांना पाठ आहे, दंड मात्र आपल्याला.

तुम्ही करणार असाल तर रोलच्या बॉक्सवरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, तो कंपनीकडे रजिस्टर झालाय का बघा, कापलेला तुकडा मागून ताणून बघा आणि कटिंग प्लॉटरवर, म्हणजे फिल्म कापायच्या मशीनवर, होतंय की गाडीवरच ब्लेड चालवतायत तेही विचारा, ब्लेडची रेघ रंगात कायमची राहते. ज्यांची आधीच फसवणूक झालीय त्यांनी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, फोटो बिलासकट. आणि पिवळी फिल्म रागाने हाताने ओढून काढू नका, पॅनल रिपेंट झालेलं असेल तर क्लिअर कोटसकट (रंगावरच्या पारदर्शक थरासकट) निघते, गरम करून हळूहळू जाणकाराकडूनच काढून घ्या.